पणत्यांच्या टोपलीवरून

काका, नमस्कार. (वय प्रतिक्रियेत तुम्हीच लिहिलंय, म्हणून काका.) ब्रिटिश शिल्पकार अँटनी गॉर्मलीच्या ‘फील्ड’ या मातीच्या बाहुल्यांच्या कलाकृतीवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमची तक्रार थोडक्यात अशी: ‘एकच बाहुली हजारो वेळा करायची, म्हणजे नुसतं कॉपी-पेस्ट. ही कला असेल, तर दिवाळीआधी हजारभर पणत्या करणाऱ्या आमच्या आळीतल्या कुंभाराने काय घोडं मारलंय?’

काहीच नाही. म्हणून त्याच्याच पणतीपासून सुरुवात करतो. एक उलटी करून बघा. चाक फिरत असतानाच तो ती दोऱ्याने कापून घेतो, त्यामुळे बुडाला शंखासारखी वळणं उमटतात. वात ठेवायची चोच अंगठ्याने दाबलेली. एखादीवर नखाची चंद्रकोरही सापडेल. एकच पणती हातात असली तर यातलं काही जाणवत नाही. टोपलीभर शेजारी शेजारी मांडल्या की मात्र डोळा आपोआप फरक शोधायला लागतो: ही जरा फाकलेली, हिची चोच घाईत दाबलेली.

गॉर्मलीच्या ‘फील्ड’मध्ये, ज्यावर तुम्ही वैतागलात, मला हेच दिसतं. 1993 साली इंग्लंडातल्या सेंट हेलेन्सच्या लोकांनी, लहानथोर सगळ्यांनी मिळून, सुमारे 40,000 बाहुल्या केल्या. सूचना मोजक्याच: हातात मावावी, उभी राहावी, डोळ्यांना दोन भोकं. ना साचा, ना चाक, ना झिलई (मातीच्या वस्तूवर चढवतात तो काचेसारखा चकचकीत थर). झिलई चढली असती तर बोटांचे ठसे बुजले असते. नुसत्या भाजलेल्या मातीवर ते राहिले. आणि बाहुल्या खोलीभर इतक्या दाटीने उभ्या की आत पाऊल टाकायला जागा नाही. आपण दारात, आणि त्या सगळ्या आपल्याकडे बघतायत. याला कॉपी-पेस्ट कसं म्हणू?

चिनी कलाकार आय वेवेईच्या सूर्यफुलाच्या बियांबद्दल मात्र तुमचा राग थोडा पटतो. चीनमधल्या जिंगदेजेन शहरातल्या 1,600 कारागिरांनी पोर्सेलिनच्या (चिनी मातीच्या) 10 कोटी बिया केल्या, प्रत्येकीवर काळ्या रेघा हाताने ओढल्या. पण 2010 मध्ये लंडनच्या टेट मॉडर्न या कलासंग्रहालयात त्या मांडल्यावर धुळीच्या भीतीने थोड्याच दिवसांत लोकांना त्यांवरून चालायला बंदी झाली. लांबून ती राखाडी खडीच वाटणार. हाताची रेघ दिसायला बी चिमटीत यायला हवी.

कुंभाराचं नाव कुणी लिहीत नाही, हा तुमचा टोमणा बरोबर बसला. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

आणि हो, मूळ लेखात मी बाहुल्या ‘रंगवलेल्या’ असं लिहून बसलो होतो. ती चूक दुरुस्त केली आहे.