रिपोर्टआधी नमुन्याकडे बघा

वारंवार गर्भपात झालेल्या बायकांनी अँटिफॉस्फोलिपिड तपासणी (रक्तात गुठळ्या करणाऱ्या अँटिबॉडी शोधणारी) करून घ्यावी, हे तुमच्या गर्भपातावरच्या लेखात म्हटलंय ते अगदी योग्य. पण एकदा पॉझिटिव्ह आली की आजार पक्का, असा वाचणाऱ्याचा समज होईल आणि तो खरा नाही. मी इंदूरला पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, म्हणून राहवलं नाही.

अँटिकार्डिओलिपिन, बीटा-टू ग्लायकोप्रोटीन आणि ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंट अशा या तीन तपासण्या. संसर्गानंतर त्या काही काळ पॉझिटिव्ह येऊ शकतात, म्हणून किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करायच्या.

सगळ्यात नाजूक ल्युपस अँटिकोअ‍ॅग्युलंटची. नळीत ही अँटिबॉडी रक्त गोठायला उशीर लावते आणि शरीरात मात्र गुठळ्या होतात, त्यामुळे नुसतं एपीटीटी (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेची तपासणी) वाढलेलं पाहून घरचे रक्तस्रावाला घाबरतात. आमच्याकडून नमुना फ्रीझ करून मुंबईला जातो. त्याआधी प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, दोनदा सेंट्रिफ्यूज करावा (यंत्रात जोरात फिरवून पेशींपासून वेगळा करावा) लागतो. प्लेटलेट मागे राहिल्या तर फ्रीझ करताना फुटतात, त्यांतली फॉस्फोलिपिडं (एक प्रकारची स्निग्ध द्रव्यं) अँटिबॉडीला झाकून टाकतात आणि असलेला आजार रिपोर्टमध्ये दिसत नाही! एका कलेक्शन सेंटरवरून तर अर्धी भरलेली निळ्या झाकणाची नळी आली होती. रक्त गोठू नये म्हणून नळीत असतं त्या सायट्रेटचं प्रमाण बिघडलेलं, आम्ही परत पाठवली. पेशंट बिचारी देवासहून आलेली.

हेपरिनचं इंजेक्शन, वॉरफरिन किंवा रक्त पातळ करणारं कुठलंही औषध चालू असेल तर रक्त देतानाच सांगा आणि फॉर्मवर लिहून घ्या. औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.