‘रंगाचा एक हात मारून घ्या’ म्हणणाऱ्यांनो, आधी ती भिंत तरी घासा!

घर विकायला काढलं की सल्ला ठरलेला असतो : “रंगाचा एक हात मारून घ्या साहेब, घर कसं उठून दिसेल!” दलाल हेच सांगतो, नातेवाईक हेच सांगतात आणि घरमालकही मान डोलावतो. डोकं फिरतं हे ऐकून! ज्या भिंतीत ओल आहे, जिचे पोपडे निघतायत, जिच्यावर जुना चकचकीत ऑइल पेंट आहे, तिच्यावर एक हात मारा नाहीतर चार मारा, ते सगळं सुटून खाली येणारच. आणि बरेचदा ते घर दाखवायच्या काळातच येतं. मग हाच दलाल मानभावीपणे सांगतो की गिऱ्हाईक भाव पाडून मागतंय. पाडणारच! ताज्या रंगावर फुगलेला फोड दिसला की घेणाऱ्याला कळतं, इथे काहीतरी झाकलंय. जुन्या, पण कोरड्या आणि स्वच्छ भिंतीवर त्याचा जास्त विश्वास बसला असता.

सगळ्यात जास्त फसवाफसवी ओलीची होते. भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत मिठासारखी पांढरी भुकटी दिसली की तो लोणा. पाणी भिंतीतून बाहेर येताना विटा-सिमेंटमधले क्षार सोबत आणतं. पाणी उडून जातं, क्षार रंगाच्या मागे साठतात आणि त्याला पुढे ढकलतात. तिथे पुट्टी, म्हणजे भिंत गुळगुळीत करायचा पांढरा लेप, ओढली तर पुट्टीसकट पोपडा सुटतो. हे शोधायला कुठलंही महागडं यंत्र लागत नाही. दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या, चारही कडा टेपने घट्ट बंद करा आणि २४ तास ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला जमले तर दोष खोलीतल्या दमट हवेचा. एवढी साधी गोष्ट, पण रंगाचे डबे आणायच्या आधी ती करायला कुणाला वेळ नसतो!

पाणी येतंय म्हटल्यावर आधी उगम शोधा. भिंतीमागे बाथरूम असेल तर टाइल्सचे सांधे, फरशीतल्या जाळीभोवतीची जागा, भिंतीत गाडलेला पाइप. बाहेरची भिंत असेल तर प्लास्टरची भेग किंवा खिडकीच्या चौकटीभोवतीचा सांधा. उगम बंद झाला की भिंत वाळू द्या, आणि वाळायला आठवडे लागतात. मग ओलीच्या रेषेच्या फूटभर वरपर्यंतचं खराब प्लास्टर ठोकून काढा. उरलेला लोणा कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुवू नका, क्षार विरघळून परत आत जातात. नवीन प्लास्टर केलंत तर रंगाआधी त्याला चार आठवडे द्या. हे न करता आतून ‘वॉटरप्रूफ’ रंग फासणाऱ्यांचा तर भयंकर राग येतो. पाण्याची वाट अडली म्हणून पाणी थांबत नाही; ते बाजूने सरकतं आणि कालपर्यंत धड असलेली शेजारची भिंत खराब करतं. आणि ओलीवर पॅनेल ठोकणं, वॉलपेपर चिकटवणं, कपाट सरकवून ठेवणं ही सरळ सरळ फसवणूक आहे. मागे बुरशी वाढते, तिचा वास येतो, आणि ज्याने घर घेतलं त्याच्या पोराबाळांना त्या हवेत राहावं लागतं.

छतावरच्या पिवळ्या डागाचंही तेच. गळती थांबली तरी साध्या पाण्याच्या रंगाने तो डाग झाकला जात नाही. रंगातल्या पाण्यात डाग विरघळतो आणि रंग वाळता वाळता पुन्हा वर येतो. त्या जागेपुरता डाग अडवणारा ऑइल-बेस प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, आधी लागतो. स्वयंपाकघरातल्या तेलकट भिंती तर आधी डिटर्जंटच्या कोमट पाण्याने धुऊन, स्वच्छ पाण्याने पुसून घ्याव्याच लागतात. चिकट थरावर प्रायमरसुद्धा धरत नाही.

आता घासाई. खरं काम हेच, आणि सगळे गाळतात तेही हेच! जुना रंग कुठला आहे ते आधी बघा. कापडाचा बोळा स्पिरिटमध्ये भिजवून भिंतीवर घासा. कापडाला रंग लागला तर इमल्शन, म्हणजे पाण्याचा रंग; काहीच लागलं नाही तर बहुतेक ऑइल पेंट. ऑइल पेंटवर थेट इमल्शन मारलं तर काही दिवसांनी नखाने साल सोलावी तसं निघतं. त्याची चकाकी १२० नंबरच्या पॉलिश पेपरने पूर्ण मारायची, धूळ पुसायची, मग पकड देणारा प्रायमर. खूप जुन्या घरातल्या रंगात शिसं असू शकतं, तिथे कोरडं घासूच नका. पेपर ओला करून घासा, चांगला मास्क लावा आणि लहान मुलांना खोलीत येऊ देऊ नका.

सुटलेला रंग पत्तीने खरवडल्यावर पुट्टीचे दोन पातळ हात. दोन्ही मिळून जाडी साधारण दीड मिलिमीटर, त्याहून जाड थापली की तडकते. ड्रिलची भोकं भरताना स्क्रूसाठी आत ठोकलेली प्लास्टिकची गिट्टी आधी बाहेर काढा आणि भोक दोन वेळा भरा, कारण पहिला भर वाळल्यावर आत बसतो. केसासारख्या भेगा पत्तीच्या टोकाने ‘व्ही’ आकारात थोड्या रुंद करून भरायच्या, नाहीतर माल आत जातच नाही. कॉलम आणि विटांच्या भिंतीच्या सांध्यावर जाळीची पट्टी हवी, तो सांधा दरवेळी उघडतो. आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली, नाणं आत शिरेल एवढी भेग असेल तर पुट्टीचा डबा खाली ठेवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. ती बुजवून घर विकणं हा शुद्ध हलकटपणा आहे.

पुट्टी वाळली की १८० आणि मग २२० नंबरचा पेपर. खोलीतला दिवा बंद करा आणि टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरा. प्रत्येक खळगा, पत्तीची प्रत्येक रेघ सावली टाकते. जिथे सावली, तिथे पुन्हा पुट्टी. चकचकीत फिनिश घेणार असाल तर हे दहापट जपून करा, कारण ती चकाकी हाच आडवा उजेड दिवसभर दाखवत राहते. मॅट रंग बरंच सांभाळून घेतो. घासून झाल्यावर तळहात भिंतीवर फिरवा. तो पांढरा झाला तर प्रायमर भिंतीला नाही, भुकटीला चिकटणार आहे. आधी झाडा, मग ओलसर कापडाने पुसा. हे एक काम, दहा मिनिटांचं, पण करतंय कोण!

पुट्टीच्या दोन हातांच्या मध्ये चार-सहा तास, दुसरा हात वाळायला रात्रभर, घासाई, प्रायमर, तो वाळणं, मग इमल्शनचे दोन हात आणि मध्ये पुन्हा चार-सहा तास. कोरड्या, धड भिंतींच्या एका खोलीलासुद्धा तीन-चार दिवस लागतात. “दोन दिवसांत अख्खं घर करून देतो” म्हणणारा यातलं काय गाळणार आहे, ते त्याला तोंडावर विचारा. स्विचबोर्डच्या प्लेटा मेन स्विच बंद करून काढायच्या असतात, त्यांच्या कडेने ब्रश फिरवायचा नसतो. आणि टचअपची ठिगळं बंद करा! तोच शेड, तोच डबा असला तरी जुना रंग उतरलेला असतो, ठिगळ लांबूनच कळतं. रंगवायची तर भिंत या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत अख्खी. डबे दोन असतील तर आधी एकाच बादलीत एकत्र करा.

फरशीचा क्रमही उलटाच लावतात. आधी चकाचक पॉलिश, मग वरून रंगाचे थेंब. मार्बलची जाड घासाई भिंतीच्या शेवटच्या हाताआधी, कारण तिचा राडा भिंतीवर उडतो. शेवटचं पॉलिश मात्र सगळ्यात शेवटी.

आणि अ‍ॅसिड! फरशी स्वच्छ करायला अ‍ॅसिड ओतणाऱ्यांना काय म्हणावं? मार्बल म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, अ‍ॅसिड त्याला खातं. डाग जातो आणि त्याच्याबरोबर चकाकीही जाते. उरतो तो खरखरीत पांढरा ठिपका, तो घासाईशिवाय निघत नाही. टाइल्सच्या सांध्यातलं सिमेंटचं ग्राउट पोकळ होतं, वाफेने नळांचं क्रोम काळवंडतं. साधं डिटर्जंट आणि नायलॉनचा ब्रश पुरतो. ग्राउट काळंच राहिलं तर वरचे दोन-तीन मिलिमीटर खरवडून नवीन भरा आणि २४ तास पाणी लागू देऊ नका. वरच्या वर फासलेलं ग्राउट चार वेळा पोछा मारला की निघतं.

लाकडी दांड्याने प्रत्येक टाइल ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर खाली माल भरलेला नाही, जड कपाट सरकवताना ती फुटणार. लॅमिनेट असेल तर ते घासून नवं होत नाही. पाण्याने फुगलेली कड पुन्हा बसत नाही, ती फळीच बदलावी लागते. त्रास नको म्हणून जुन्या फरशीवरच नवी टाइल चिकटवली तर उंची सेंटिमीटरभर वाढते, दारं अडतात, मग दारांच्या खालच्या कडा कापल्या जातात. त्या कापलेल्या कडा तरी लगेच प्रायमर आणि रंग लावून बंद करा, नाहीतर पोछ्याचं पाणी पिऊन दारंही फुगतात.