जाऊबाई, पोरीशी वऱ्हाडीतच बोला

मंगळवारी साडेपाचच्या बसनं कॉलेजातून घरी आले, तर आमची सात महिन्यांची पुतणी ओसरीत उशीला टेकवून बसवलेली. समोर डब्याला टेकून उभा केलेला मोबाईल, त्यावर इंग्रजी बडबडगीतं. जाऊबाई शेजारीच तुरीच्या शेंगा सोलत होत्या, तोंडातून अक्षर नाही. एरवी या बाईचं पोरीशी दिवसभर बोलणं चालू असतं. काय झालं विचारलं तर म्हणाल्या, "तो मेसेज नाही पाह्यला काय? माह्या बोलीनं पोरीचं नुकसान होईन म्हणते."

तो मेसेज आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एका दिवसात तिघांनी टाकला होता. 'नव्या सुनांसाठी हुशार बाळाचे पाच नियम'. दोन वर्षांपर्यंत बाळाला काही समजत नाही, म्हणून त्याच्याशी बोलत बसू नका, इंग्रजी व्हिडिओ लावा. घरात गावठी बोली नको. सहाव्या महिन्यापासून वॉकरमध्ये ठेवा, लवकर चालेल. उन्हाळ्यात जन्मापासून पाणी पाजा. आणि शिकणाऱ्या सुनेनं बाळ होताच पुस्तक बंद करावं, अभ्यासाच्या ताणानं दूध आटतं. खाली 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केले'. कोणत्या शास्त्रज्ञांनी, कुठे, कधी, एक अक्षर नाही.

माझ्या लग्नाला आठ महिने झाले. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला गृहअर्थशास्त्र आहे, त्यात यंदा बालविकास शिकतेय. मी डॉक्टर नाही. पण आमची ओसरी ज्या मेसेजनं मुकी केली, त्याच्यापुढे गप्प बसणं मला जमत नाही.

बाळाला काही समजत नाही म्हणे! जन्मून तीन दिवसही न झालेली बाळं आईचा आवाज परक्या बाईच्या आवाजापासून वेगळा ओळखतात आणि तो ऐकायला मिळावा म्हणून चोखण्याची लय बदलतात, हे १९८० सालीच तपासून झालंय.

आणि व्हिडिओचं म्हणाल, तर नेमका हाच प्रश्न घेऊन अमेरिकेत पॅट्रिशिया कुल यांनी प्रयोग केला, २००३ मध्ये तो प्रसिद्ध झाला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली नऊ महिन्यांची बाळं घेतली. काही बाळांसमोर मँडरिन, म्हणजे चिनी भाषा बोलणारी माणसं प्रत्यक्ष बसली, पुस्तकातली चित्रं दाखवली, खेळणी हातात दिली. अशा १२ बैठका, प्रत्येकी २५ मिनिटांच्या. तेवढ्यानं ती बाळं इंग्रजीत नसलेले मँडरिनचे आवाज वेगळे ओळखू लागली. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तेच बोलणं, तेवढाच वेळ, पण पडद्यावर दाखवलं. ती काहीही शिकली नाहीत. मँडरिन कधीच न ऐकलेल्या बाळांत आणि त्यांच्यात फरक दिसला नाही.

का, ते आमच्या ओसरीवर बसलं तरी कळतं. जाऊबाई म्हणतात, "काहून रडून राहिली वं माय? भूक लागली काय तुले?" पोरगी हुंकारते. त्या थांबतात, तिच्या तोंडाकडे बघतात, "हो काय?" म्हणतात. ती परत हुंकारते. कोणी बोललं की आपण ऐकायचं, मग आपली पाळी, हे ती सातव्या महिन्यात शिकतेय. पडदा तिच्यासाठी थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये वर्षाखालच्या बाळांना पडदा अजिबात नको असं सांगितलंय, ते उगीच नाही. उलट मूल आवाजाकडे वळत नसेल, वर्षाचं होऊनही बडबडत नसेल, तर व्हिडिओ लावत वेळ घालवू नका. कान तपासून घ्या.

बोलीच्या मुद्द्यानं मला सगळ्यात जास्त संताप आला. बाळ शुद्ध-अशुद्ध बघत नाही, कानावर पडणाऱ्या बोलण्यातून आवाज आणि शब्द वेचतं. मेळघाटातली कितीतरी लेकरं घरी कोरकू, बाजारात हिंदी आणि शाळेत मराठी बोलतात. आठवी शिकलेल्या आईला पुस्तकी मराठीत बोलायला लावलं तर ती दिवसाला चार वाक्यं बोलेल, तीही चाचरत. तेच तर झालं. मराठी भाषेचं विद्यापीठ आपल्याच अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला आहे. आणि आपणच आपल्या बोलण्याला गावठी म्हणून नाक मुरडतो.

वॉकरचं फार लांबवत नाही. भारतासह पाच देशांतल्या मुलांच्या पाहणीत धडधाकट बाळं साधारण आठ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान कधीही एकटी चालू लागली. वॉकरनं चालणं लवकर येत नाही, पायऱ्यांवरून पडणं आणि चुलीपर्यंत पोचणं मात्र लवकर येतं. कॅनडानं २००४ मध्ये त्यांची विक्रीच बंद केली.

पाण्याचा मुद्दा आपल्याकडे पटकन पटतो, कारण मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. बाळाला तहान लागते, हे खरंच आहे. पण आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं. पाजायच्या वेळा वाढवा, आईला भरपूर पाणी द्या. सहा महिन्यांच्या आत वरचं पाणी दिलं की इवलंसं पोट त्यानंच भरतं, दूध कमी जातं, आणि पाणी दूषित असलं की जुलाब ठरलेले.

राहिली शिकणारी सून. फार थकवा आणि ताण असला तर पान्हा फुटायला वेळ लागतो, एवढं मान्य करते. पण दूध तयार होतं ते बाळ ओढतं म्हणून, आणि आई वाचते म्हणून ते आटत नाही. ताण कमी करायचा तर तिच्या हातातलं काम घ्या. आमच्या सासूबाई परीक्षेच्या दिवसांत मला म्हणतात, "तू वाच, भाकरी मी टाकतो." उद्या मला लेकरू झालं तरी मला हेच हवंय. बाईच्या शिकण्यानं बाळाचं काय होतं ते गडचिरोलीत दिसलंय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. १९९९ च्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातल्या त्यांच्या अभ्यासात ३९ गावांतलं नवजात बाळांच्या मृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटलेलं आहे.

हे सगळं मी जाऊबाईंना वाचून दाखवलं, ग्रुपवरही टाकलं. ज्या तिघांनी तो मेसेज पाठवला त्यांनी तो काढून टाकावा, आणि ज्यांना पुढे पाठवला त्यांनाही तसं कळवावं.