टॉम ब्रेडीची कॉलेजची वर्षं

दहावी-बारावीचे निकाल लागले की एक फॉरवर्ड हमखास येतो. राखाडी चड्डीतला, उघड्या अंगाचा, अगदीच ढिला दिसणारा तरुण टॉम ब्रेडी आणि खाली मजकूर: ‘कॉलेजची सगळी वर्षं याने बाकावर काढली. कोचने दुसऱ्याला खेळवलं. 198 खेळाडू निवडले गेले, तोवर याच्याकडे कुणी पाहिलंही नाही. पुढे याने सात सुपर बोल जिंकले!’

ब्रेडी अमेरिकन फुटबॉलचा खेळाडू. सात सुपर बोल, म्हणजे तिथल्या एनएफएल या व्यावसायिक लीगच्या अंतिम लढती, खरे आहेत. ड्राफ्टमधला, म्हणजे लीगचे संघ कॉलेजचे खेळाडू निवडतात त्यातला, 199वा नंबरही खरा आहे. मधलं सगळं गडबडीचं.

आधी बाक. ब्रेडी 1995 मध्ये कॅलिफोर्नियातून मिशिगन विद्यापीठात आला, तेव्हा क्वार्टरबॅकच्या (चेंडू फेकून संघाची चाल चालवणाऱ्या खेळाडूच्या) रांगेत सातवा होता. पहिलं वर्ष मैदानाबाहेर गेलं, पुढची दोन राखीव म्हणून. कंटाळून कॉलेज बदलायचंही त्याच्या मनात होतं. इथवर फॉरवर्डवाल्याला मार्क देऊ. (काही जण उलट टोक गाठतात आणि मिशिगनचं 1997 चं राष्ट्रीय विजेतेपद ब्रेडीच्या नावावर लावतात. तो 12-0 चा हंगाम तेव्हाचा मुख्य क्वार्टरबॅक ब्रायन ग्रीसीचा होता.) पण 1998 आणि 1999 या दोन हंगामांत मिशिगन 25 सामने खेळलं आणि पंचवीसच्या पंचवीस सामन्यांत सुरुवातीला उतरला तो ब्रेडीच. 20 जिंकले, 5 हरले. 1999 मध्ये तो संघाच्या कर्णधारांपैकी एक होता. बाकावरच्या पोराला कुणी कर्णधार करत नाही.

‘कोचने दुसऱ्याला खेळवलं’ हे अर्धसत्य आहे आणि खरी गंमत इथेच आहे. दुसरा म्हणजे ड्रू हेन्सन. मिशिगनचाच घरचा मुलगा, शिवाय बेसबॉलमध्ये न्यूयॉर्क यांकीजने करारबद्ध केलेला. कोच लॉइड कार यांना दोघंही हवे होते. म्हणून 1999 मध्ये त्यांनी अजब वाटणी केली: सामन्याचा पहिला पाव भाग ब्रेडीचा, दुसरा हेन्सनचा, मध्यंतरानंतर ज्याचा हात बसलाय तो. आपल्याकडे दोन यष्टिरक्षकांना आलटून-पालटून ग्लोव्हज दिल्यासारखं. मिशिगन स्टेट या दुसऱ्या विद्यापीठाविरुद्ध संघ चांगलाच मागे पडल्यावर ब्रेडीला परत उतरवलं. त्याने पिछाडी भरत आणली, तरी 34-31 अशी हार झालीच. पुढे इलिनॉयनेही हरवलं आणि वाटणी मोडली. राहिलेले पाचही सामने मिशिगनने जिंकले. पेन स्टेटच्या मैदानावर तर 27-17 असं मागे असताना शेवटच्या मिनिटांत 31-27.

1 जानेवारी 2000 च्या ऑरेंज बोलमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या मोठ्या कॉलेज सामन्यात, अलाबामाने दोनदा 14 गुणांची आघाडी घेतली, दोन्ही वेळा ब्रेडीने ती फेडली. 46 पैकी 34 पास पूर्ण, 369 यार्ड, चार टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचवला की सहा गुण). जादा वेळेच्या पहिल्याच चालीवर त्याने 25 यार्डांचा टचडाउन पास टाकला. अलाबामानेही टचडाउन केला, पण त्यानंतरची एका जादा गुणाची साधी किक हुकली. 35-34. हा सामना पाहिलेल्या माणसाने ‘बाकावरचा’ हा शब्द वापरून दाखवावा.

मग 199वा का? माझ्या मते वाटणीनेच घात केला. ज्याच्या कोचलाच खात्री नाही, त्याच्यावर इतरांनी पैसे का लावावेत? त्यात शरीरयष्टी किडकिडीत आणि पाय जड. ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी सहा क्वार्टरबॅक उचलले गेले. अंदाज साफ चुकला, पण ‘कुणी पाहिलंही नाही’? ड्राफ्टआधीच्या चाचणीत एनएफएलच्या माणसांनी त्याला उंची मोजून, वजन करून, घड्याळ लावून पाहिलं होतं. 40 यार्ड धावायला 5.28 सेकंद लागल्याची नोंद आजही सापडते. आणि फॉरवर्डमधला तो राखाडी चड्डीतला फोटो? तो त्याच चाचणीत काढलेला आहे.