फायब्रोमायल्जिया ‘दरवर्षी एक पायरी’ चढत नाही

पावसाच्या तोंडावर व्हॉट्सॲपवर एक मजकूर हमखास फिरतो. विषय फायब्रोमायल्जिया, म्हणजे अंगभर दीर्घकाळ दुखणं आणि थकवा देणारा आजार. त्याचा सारांश असा: ‘फायब्रोमायल्जिया दरवर्षी एक पायरी चढतो. आधी स्नायू, मग सांधे झिजतात आणि शेवटी व्हीलचेअर. पावसाळ्यात झालेलं नुकसान भरून येत नाही. चालणं-पोहणं बंद करा, पडून राहा, वेदनाशामक रोज घ्या.’ दुखणं खरं आहे. बाकी जवळजवळ सगळं चूक.

आधी ‘सांधे झिजतात’ हे. या आजारात ना सांधा झिजतो, ना स्नायू. बिघाड असतो वेदनेचे संदेश हाताळणाऱ्या मेंदू-मज्जारज्जूच्या यंत्रणेत. रेडिओचा आवाज कुणी मोठा करून ठेवावा तसा साधा दाबही तिथं दुखणं म्हणून पोचतो. म्हणून एक्स-रे स्वच्छ येतो, ईएसआर-सीआरपी या शरीरातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्याही नॉर्मल. निदान होतं ते 19 ठरावीक जागांपैकी किती दुखतात, थकवा, झोपूनही ताजंतवानं न वाटणं आणि विसरभोळेपणा किती, आणि हे किमान 3 महिने टिकलं का, यावरून. सांधा सुजलेला, गरम असेल तर ते फायब्रोच्या खात्यात टाकू नये. चिकुनगुनिया होऊन गेल्यावर सांधे कित्येक महिने दुखू शकतात, संधिवातही असू शकतो.

‘दरवर्षी वाढतो’ याला 2011 सालच्या एका अमेरिकी अभ्यासाचं उत्तर आहे. 1555 रुग्ण, काहींचा पाठपुरावा 11 वर्षांपर्यंत. सरासरी तीव्रता फारशी हलली नाही, साधारण चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांचं दुखणं बऱ्यापैकी कमी झालं. काहींचं वाढलंही. ‘आपोआप बरा होतो’ असंही कुणी सांगत असेल तर तेही खोटंच. पण पायऱ्या चढत जाणारा आलेख हा नव्हे. हा करवतीच्या दात्यांसारखा वर-खाली होणारा आहे.

मग कित्येकांना वाढल्यासारखं का वाटतं? बहुतेकदा झोप, हालचाल किंवा नव्यानं आलेला दुसरा आजार यांपैकी काहीतरी बदललेलं असतं. 1975 मध्ये टोरंटोत मोल्डोफ्स्की आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांची गाढ झोप मुद्दाम मोडली, तर काही रात्रींतच त्यांचे स्नायू दुखू लागले. थायरॉइड मंदावणं, रक्त कमी असणं, कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांनी होणारं स्नायूदुखणं, घोरण्यामागचा स्लीप ॲप्निया (झोपेत श्वास अडणं) हे फायब्रोच्या आडून येतात. टीएसएच (थायरॉइड), सीबीसी (रक्त) आणि सीके (स्नायू) या तपासण्या डॉक्टरांना विचारून घ्याव्यात.

सगळ्यात घातक सल्ला पडून राहण्याचा. युरोपियन संधिवाततज्ज्ञ संघटनेच्या 2016 च्या शिफारशींत ठाम शिफारस मिळालेला उपाय एकच, व्यायाम. पडून राहिलं की स्नायूंची ताकद जाते, मग थोडं चालूनही जास्त दुखतं, आणि तो ‘आजार वाढल्याचा’ पुरावा ठरतो!

फसतं ते सुरुवातीला. बऱ्या दिवशी पाऊण तास चालायचं आणि पुढचे तीन दिवस खाटेवर, असं करू नये. वाईट दिवशीही जमेल त्याच्या निम्म्यानं सुरू करा, म्हणजे 10 मिनिटं जमत असतील तर 5. आठवडाभर तेवढंच. मग दर आठवड्याला दहाव्या हिश्श्यानं वाढवा. दुसऱ्या दिवशी अंग थोडं बोलणारच. दोन दिवसांनंतरही दुखणं चढंच असेल तर आधीच्या पायरीवर या. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर चालायचं तर ओहोटीच्या वेळी ओल्या, घट्ट वाळूवर. भुसभुशीत वाळूत पोटऱ्या लवकर थकतात. कोमट पाण्याचा तलाव मिळाला तर पाण्यात चालणं उत्तम, कारण वजन पाणी उचलतं.

पावसाळ्यात दुखण्याचा भडका उडतो, हे पुष्कळ रुग्ण सांगतात. पण भडका म्हणजे कायमचं नुकसान नव्हे. जून-जुलैत चालणं बंद पडतं, हेही एक कारण. तेव्हा बल्कांवात (घरापुढच्या ओट्यावर) किंवा घरातच 5-5 मिनिटांच्या तीन फेऱ्या. चवथीला (गणेश चतुर्थीला) साफसफाई, नेवऱ्या (करंज्या) आणि माटोळी (गणपतीवरची फळा-पानांची सजावट) एकाच दिवशी अंगावर घेतली की भडका ठरलेलाच. कामं चार दिवसांत विभागा, 20 मिनिटांनी बसा, नारळ कुणाकडून तरी किसून घ्या.

‘रोज वेदनाशामक’? आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांचा इथं फारसा उपयोग नाही, पोट आणि मूत्रपिंडाला त्रास मात्र नक्की होऊ शकतो. स्टेरॉइड नकोच. डॉक्टर देतात ते ॲमिट्रिप्टिलिन, बहुधा 10 मिलिग्रॅमपासून, झोपण्याआधी दोनेक तास. तोंड कोरडं पडतं, सकाळी जडपणा राहतो, काचबिंदू किंवा हृदयाच्या ठोक्यांची तक्रार असेल तर आधी सांगावं. ड्युलॉक्सेटिन, प्रिगॅबालिनही वापरतात. ही औषधं एकाएकी बंद करू नयेत.

ताप, वजन घटणं, एकाच हाता-पायातली कमजोरी, लघवीवरचा ताबा सुटणं, पन्नाशीनंतर खांदे आणि मांड्यांत नव्यानं आलेला सकाळचा ताठरपणा: यांतलं काही दिसलं तर ‘फायब्रोच असेल’ म्हणून थांबू नका, लगेच दाखवा.