"तीनदा सर्व्हिसला गेली की नवी बाईक मिळते" हा मेसेज पुढे पाठवू नका, आधी हे वाचा

महिनाभरात हा मेसेज मला चार-पाच ग्रुपवर आलाय. त्यात म्हटलंय की नवीन बाईक एकाच बिघाडासाठी तीनदा सर्व्हिस सेंटरला गेली तर लेमन लॉप्रमाणे कंपनीला ३० दिवसांत नवी बाईक द्यावीच लागते, फक्त जॉबकार्ड (गाडी सर्व्हिसला देताना तक्रार लिहून मिळतो तो कागद) दाखवा, आरटीओत तक्रार करा, सगळी जबाबदारी शोरूमची, आणि नवी गाडी हातात पडेपर्यंत हप्ता भरू नका. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असेलही, पण माझा मावसभाऊ हाच मेसेज धरून बसला होता आणि त्याचे सात-आठ महिने त्यात गेले, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

पहिलं म्हणजे "लेमन लॉ", म्हणजे सतत बिघडणारी नवी गाडी बदलून किंवा पैसे परत द्यायला लावणारा कायदा. या नावाचा कायदा भारतात नाही. अमेरिकेत आहे, तोही प्रत्येक राज्याचा वेगळा, कनेक्टिकटने १९८२ मध्ये केला आणि मग बाकीच्यांनी. सिंगापूरमध्ये २०१२ पासून आहे. कॅलिफोर्नियात हिशोब असा आहे की १८ महिने किंवा १८,००० मैलांच्या आत एकाच दोषासाठी चार किंवा जास्त वेळा दुरुस्तीचा प्रयत्न झाला, किंवा गाडी एकूण ३० दिवसांपेक्षा जास्त वर्कशॉपमध्ये पडून राहिली, तर ती "लेमन" धरायची. मेसेजमधले ३० दिवस बहुतेक अशाच कुठल्यातरी नियमातून उचललेत आणि त्याचं "३० दिवसांत नवी गाडी" करून टाकलंय. आणि कॅलिफोर्नियाच्या त्या हिशोबात मोटारसायकल धरतच नाहीत.

मग आपल्याकडे काहीच नाही का? आहे ना, चांगला आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याच्या ३९ व्या कलमाखाली ग्राहक आयोग, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचं कोर्ट, कंपनीला दोष काढून द्या, वस्तू बदलून द्या, पैसे परत द्या, नुकसानभरपाई द्या असं सांगू शकतो. पण यातलं काय द्यायचं ते आयोग पुरावा बघून ठरवतो, तीन फेऱ्या झाल्या म्हणून आपोआप काही मिळत नाही. सुप्रीम कोर्टाने २००६ मध्ये मारुतीच्या एका केसमध्ये सांगितलंय की पार्ट बदलून दोष जात असेल आणि वॉरंटीही तेवढंच देत असेल तर अख्खी गाडी बदलून द्या असं म्हणता येणार नाही. म्हणजे तुम्हाला दाखवावं लागतं की दोष मुळातच गाडीत आहे आणि दुरुस्त करूनही जात नाहीये. तिथे त्या फेऱ्या कामाला येतात, पण पुरावा म्हणून.

आता जॉबकार्ड, इथेच खरं बिघडतं. भावाची बाईक घेतल्यापासून दोन महिन्यांत गरम झाली की सिग्नलला बंद पडायला लागली, एकदा तर मुंबई-आग्रा हायवेवर ट्रकच्या पुढे बंद पडली. पाच वेळा गाडी आत गेली. पाच जॉबकार्डं निघाली आणि त्यातल्या तिनावर लिहिलं होतं "जनरल चेकअप", एकावर "वॉशिंग अँड ऑइलिंग". बंद पडण्याचा उल्लेख एकाच कार्डावर. सर्व्हिस सेंटरचा अॅडव्हायझर म्हणायचा की दादा लिहितो नंतर, तुम्ही सही करा, आणि हा करायचा. ती कार्डं दाखवून काय सिद्ध होणार होतं? गाडी पाच वेळा धुतली एवढंच. म्हणून गाडी देताना तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या, किलोमीटर लिहून घ्या, लिहीत नसतील तर सही करू नका आणि तिथेच उभं राहून कंपनीच्या कस्टमर केअरला ईमेल टाका. गाडी परत घेताना काय बदललं, कुठला पार्ट, तेही कागदावर पाहिजे. बंद पडली की लगेच व्हिडिओ काढा, मीटर दिसेल असा. पेट्रोलची बिलं ठेवा, कारण "पेट्रोलमध्ये भेसळ होती" हे उत्तर हमखास येतं. आणि वॉरंटीत असताना बाहेरून फॉग लाइट, हॉर्न, अलार्म काही लावू नका, वायरिंगला हात लागला असं म्हणायला त्यांना तेवढंच निमित्त पुरतं.

दोष नुसता बघून कळत नसेल तर कायद्याच्या ३८ व्या कलमाखाली आयोग वस्तू तपासणीला पाठवू शकतो, तसा अर्ज तुम्ही करा. आपलं म्हणणं आणि त्यांचं म्हणणं यात अडकलेल्या केसमध्ये तटस्थ तज्ज्ञाचा रिपोर्टच निर्णय फिरवतो.

आरटीओत तक्रार करून तुमची गाडी बदलून मिळत नाही, ते त्यांचं कामच नाही. हां, ब्रेक, आग, असा जिवावरचा दोष अनेक गाड्यांत असेल तर मोटार वाहन कायद्याच्या ११० अ कलमाखाली केंद्र सरकार कंपनीला गाड्या परत बोलवायला लावू शकतं, पण ती वाट वेगळी.

"सगळी जबाबदारी शोरूमची" हेही अर्धवट. गाडीत मुळात दोष असेल तर बनवणारी कंपनी, विक्री-सर्व्हिसमध्ये गडबड असेल तर डीलर. गोव्यातल्या एका कारच्या केसमध्ये डीलरने जुन्या वर्षाची, आधी वापरलेली गाडी नवी म्हणून दिली होती, आणि २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलं की डीलरच्या त्या कृत्यासाठी कंपनीला जबाबदार धरता येणार नाही. कोणाचं काय हे आधी कळत नसतं म्हणून तक्रारीत दोघांनाही विरुद्ध पक्ष करा, नाहीतर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होतो.

मुदत लक्षात ठेवा, वादाचं कारण घडल्यापासून २ वर्षं. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी शून्य आहे, वकील सक्तीचा नाही, तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइनही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करून बघा, बऱ्याच वेळा तिथेच हलतं. निकाल मात्र ३० दिवसांत येत नाही, कायद्यातच ३ महिने आणि तपासणी लागली तर ५ महिने धरलेत आणि प्रत्यक्षात याहून जास्त लागतात.

आणि हप्ता. या एका ओळीसाठी मला त्या मेसेजचा सगळ्यात जास्त राग येतो. कर्ज बँकेचं आहे, गाडी खराब निघाली तरी करार तसाच राहतो. हप्ता चुकला की सिबिल (कर्जफेडीचा स्कोअर) खराब, वर दंड, आणि शेवटी गाडीच उचलून नेली तर तपासणी कशाची करणार? भावाने दोन हप्ते थांबवले होते, घरी वसुलीवाले आले तेव्हा मावशी एकटी होती. मग त्याने कंपनीला नोटीस पाठवली, कंपनीचा इंजिनिअर आला, दोन दिवस स्वतः गाडी चालवली, टाकीखाली घासून उघडी पडलेली वायर सापडली आणि सगळं वायरिंग बदलून दिलं. नवी गाडी नाही मिळाली, पण आठ महिने झाले ती बंद पडलेली नाही. सिबिल मात्र अजून वर आलेलं नाही.