फार्मासिस्ट व्हायचंय? मग औषधांपासून चार हात लांब राहा

नीटचा निकाल लागल्यापासून घरात कुणी कुणाशी धड बोलत नसेल आणि बीएस्सीचं नाव काढल्यावर काकांनी "बरं, आणि मग पुढे?" असं विचारलं असेल, तर अभिनंदन. तुमची फार्मसीसाठी निवड झालेली आहे. आवडीची काळजी करू नका. ती बहुतेकांना प्रवेशाच्या तिसऱ्या कॅप राउंडनंतर निर्माण होते.

दोन वर्षांची पदविका म्हणजे डी. फार्म., चार वर्षांची पदवी म्हणजे बी. फार्म. किंवा सहा वर्षांचं फार्म. डी., यातलं काहीही घ्या. तिन्हींच्या शेवटी तुम्ही रजिस्टर्ड फार्मासिस्ट होता आणि औषधाच्या दुकानाचा मालक तिघांनाही जवळपास सारखाच पगार सांगतो. २००८ साली सुरू झालेल्या फार्म. डी.चा एक जादा फायदा आहे. लग्नपत्रिकेत नावाआधी 'डॉ.' छापता येतं, आणि कुठले डॉक्टर हे मांडवात कुणी विचारत नाही.

पुण्यात कॉलेजं एरंडवण्यात आहेत, निगडीत आहेत, वाघोलीतही आहेत. निवडताना शिक्षक, ग्रंथालय असल्या किरकोळ चौकशा नकोत. पहिला प्रश्न एकच: "नॉन-अटेंडिंगचं काही होतं का?" नियमाने बी. फार्म.ला ८० टक्के हजेरी लागते. नियम कागदावर आहे, हजेरीही कागदावरच भरायची असते, तेव्हा दोघांचं व्यवस्थित जमून जातं. काही खडूस कॉलेजं खरोखरच वर्गात बसवतात. तिथं गेलात तर औषधाची गोळी कशी घडते हे समजण्याचा धोका आहे, एवढं आधीच सांगून ठेवतो.

कारण हा विषय मुळात फार देखणा आहे हो. कोरी, बिनकोटिंगची गोळी ३७ अंश तापमानाच्या पाण्यात पंधरा मिनिटांच्या आत फुटून सुटी झाली पाहिजे. तीच गोळी ड्रममध्ये घालून शंभर फेरे फिरवली, तर तिचं वजन एक टक्क्यापेक्षा जास्त झडता कामा नये. म्हणजे पोटात लगेच फुटायची, पण ट्रकमधून बारामतीला जाताना अजिबात फुटायची नाही. हे साधायला कुणीतरी डोकं खर्च केलेलं आहे. तुम्ही मात्र तेवढ्या खोलात शिरू नका. प्रॅक्टिकलचं जर्नल सीनियरकडून घ्या, आकृत्या शिसपेन्सिलीने काढा, आणि यंत्रावरचं प्लास्टिकचं कव्हर काढायच्या भानगडीत पडू नका. ते इन्स्पेक्शनच्या दिवशी निघतं. त्या दिवशी कॉलेजात असे प्राध्यापकही दिसतात, जे तुम्ही चार वर्षांत कधी पाहिलेले नसतात. त्यांना नमस्कार करा.

इंडस्ट्रियल व्हिजिट चुकवू नका. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली आणि देशाला पेनिसिलिन तिथून मिळू लागलं. पण पिंपरीला पीएमपीएमएलच्या बसने जावं लागतं आणि संध्याकाळी घरी यावं लागतं. ही काय व्हिजिट झाली? त्यापेक्षा हिमाचलातलं बद्दी बघा. तिथं औषधांचे कारखाने खच्चून भरलेत आणि पुढे मनाली आहे. कारखान्यात दीड तास आणि मनालीत तीन दिवस, असं शास्त्रशुद्ध नियोजन सगळीकडे केलं जातं.

डी. फार्म.ला ५०० तासांचं प्रशिक्षण असतं, तेही किमान तीन महिन्यांत पसरलेलं. ते ओळखीच्या मेडिकलमध्ये करावं, म्हणजे शिक्का घेण्यासाठी एकदाच जावं लागतं. चुकून रोज गेलात, तर काउंटरवरचा दहावी झालेला गणेश तुमच्यापेक्षा चौपट वेगाने औषधं काढतो हे दिसेल. तो रॅकच्या भाषेत विचार करतो. तुम्ही अजून गोळीतल्या मॉलेक्यूलचं, म्हणजे मूळ औषधाचं, नाव आठवत असता, तेव्हा त्याने गिऱ्हाइकाला पिशवीसकट रस्त्याला लावलेलं असतं. डॉक्टरांचं अक्षर तोच वाचतो. तुम्ही त्याला वाचून दाखवायला सांगता.

एवढं करून पदवी हातात आली की खरा प्रश्न उभा राहतो: तुम्ही कुठे बसायचं, आणि तुमचं सर्टिफिकेट कुठे लावायचं? या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ज्याला वेळेवर कळलं त्याचं कल्याण झालं.

कायदा असा आहे. फार्मसी ॲक्ट १९४८ चा. त्यातलं ४२ वं कलम सांगतं की डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध रजिस्टर्ड फार्मासिस्टनेच बनवायचं नि द्यायचं. याचा सोयीस्कर अर्थ असा लावतात की दुकानात फार्मासिस्ट हवा, आणि भिंतीवरच्या फ्रेममध्ये तो असतोच. तुम्ही हिंजवडीला रात्रपाळीत बसून अमेरिकेतल्या कुणाला कुठल्या गोळीने पुरळ आलं याच्या नोंदी कॉम्प्युटरवर करा. त्याच वेळी हडपसरच्या एखाद्या दुकानात तुमचं सर्टिफिकेट काचेआड बसून औषधं देत असेल. त्याला चहा लागत नाही, सुट्टी लागत नाही, दिवाळीला बोनस मागत नाही. महिन्याचे काही हजार मात्र तुमच्या खात्यावर येतात. फ्लॅटचं भाडं मिळायला आधी फ्लॅट घ्यावा लागतो. इथं नुसतं पास व्हावं लागतं.

मध्ये २०१२-१३ च्या सुमारास अन्न व औषध प्रशासनाने एक अरसिकपणा केला होता. फार्मासिस्ट दुकानात सदेह हवा, असा आग्रह धरून तपासण्या लावल्या. राज्यभरच्या दुकानदारांनी संतापून बंद पुकारले. कुणीतरी कायदा शब्दशः घेतोय म्हटल्यावर माणसं दुखावणारच. हल्ली तसा प्रसंग आलाच तर फोन येतो, "मॅडम, अर्धा तास येऊन जा, एप्रन घेऊन या." म्हणून एप्रन गाडीच्या डिकीत इस्त्री करून ठेवावा.

मुलींसाठी आणखी एक राजमार्ग आहे. 'स्वतःचे मेडिकल, मुलगी बी. फार्म./डी. फार्म. हवी' अशी स्थळं कायम येत असतात. मुलगा कॉमर्सचा असतो, दुकान सासऱ्यांचं असतं, आणि लायसन्ससाठी आतापर्यंत बाहेरून घेतलेलं सर्टिफिकेट त्यांना महाग पडत असतं. त्यामुळे या घरात पत्रिकेच्या आधी रजिस्ट्रेशन नंबर जुळवतात. स्वयंपाक येतो का, हे विचारतील. फार्माकॉलॉजी येतं का, हे कुणीही विचारणार नाही. लग्नानंतर तुमची फ्रेम गणपतीच्या तसबिरीशेजारी लागते आणि दोघांनाही रोज सकाळी उदबत्ती मिळते.

तरीही एखाद्याला काउंटरवर उभं राहायची खुमखुमी असतेच. त्याच्यासाठी थोडं. सेफिक्झिमसारखं अँटिबायोटिक, म्हणजे शेड्यूल एच-वन या खास नोंदीच्या यादीतलं औषध दिलं की डॉक्टरांचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या वहीत लिहायची आणि ती वही तीन वर्षं जपायची असते. ही वही एकाच बैठकीत, दोन-तीन रंगांच्या पेनांनी लिहिली की जास्त खरी दिसते. कुणी "घसा धरलाय, मागच्या वेळची ती पाचशेची द्या, तीनच द्या" म्हणालं तर चिठ्ठी मागू नका. पुणेकराकडे चिठ्ठी मागणं म्हणजे त्याच्या स्मरणशक्तीवर संशय घेणं. वर तो शेजारच्या दुकानात जाईल आणि तिथं बारा टक्के डिस्काउंटही मिळवेल.

आणि प्रश्न तर मुळीच विचारू नका. संध्याकाळी साडेसातला दुकानात गर्दी असते. एक आजोबा येतात, गुडघा दाबत म्हणतात, "डायक्लोफेनॅक द्या हो एक पाकीट." कॉलेजात खरोखर बसलेला फार्मासिस्ट इथंच घोटाळा करतो. तो विचारतो, "आजोबा, दुसरी कुठली गोळी चालू आहे?" आजोबा सावकाश खिशातून पाकीट काढतात, त्यातून घडी काढतात, घडीतून वॉरफरिनची रिकामी पट्टी काढतात. रक्त पातळ करायची. व्हॉल्व्ह बदललाय म्हणे. मग हा शहाणा त्यांना समजावत बसतो, की या दोन गोळ्या एकत्र घेतल्या तर पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आज काही नेऊ नका, आधी तुमच्या डॉक्टरांना फोन करा. एक रुपयाचा धंदा नाही, सात मिनिटं गेली. मागचा माणूस किल्ली काउंटरवर आपटतो, "अहो, इथं फक्त एक ओआरएस पाहिजे, केव्हाचा उभा आहे!" मालक गल्ल्यावरून नजर टाकतो. गणेश मधूनच हात घालून चार जणांना वाटेला लावतो. आजोबा जाता जाता वळून विचारतात, "तुम्ही डॉक्टर आहात का?"

नाही म्हणून सांगा, आणि पुढच्याला ओआरएस द्या.